नव्या संगणकावर जुनं प्रोजेक्ट उघडलं आणि गिटारचा आवाजच गेला

तुमची पोस्ट वाचून पोटात कालवलं. नवा संगणक, नऊ मिनिटांचं जुनं इन्स्ट्रुमेंटल, ड्रम आणि बास वाजतायत, पण गिटार सगळ्या कोरड्या, नुसती पिकची टकटक. अँप सिमच्या, म्हणजे गिटार अँपचा आवाज देणाऱ्या प्लगइनच्या (रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरला जोडलेल्या छोट्या प्रोग्रामच्या) जागी 'प्लगइन सापडत नाही'. माझंही अगदी असंच झालं होतं.

इंटरफेस, बफर वगैरे तुम्हाला ठाऊक असणार, ते सोडते. मी साउंड इंजिनियर नाही, घरच्या खोलीत वाजवते, त्यामुळे हे अनुभवाचे बोल समजा.

'डीआय (गिटारचं अँपशिवायचं कोरडं रेकॉर्डिंग) जपून ठेवा, आवाज नंतर कधीही लावता येतो' असं सगळे सांगतात. मी तेवढंच केलं. अकरा ट्रॅक थेट प्लगइनमधून वाजत होते, एकही रेंडर केला नाही, म्हणजे प्लगइनच्या आवाजासकट ऑडिओ फाइल करून ठेवली नाही. मग मदरबोर्ड गेला. लायसन्स त्याच मशीनला बांधलेलं. कंपनीच्या ग्राहकसेवेला लिहिलं (नाव घेत नाही), तर उत्तर आलं, 'आधी जुन्या संगणकावरून डीॲक्टिव्हेट करा.' तो सुरूच होत नाही, हे मी पहिल्याच ओळीत लिहिलं होतं! दर खेपेला नवा माणूस, पुन्हा सिरियल नंबर, पुन्हा स्क्रीनशॉट. पाच आठवड्यांनी कळलं की ती आवृत्तीच आता बंद झाली आहे. हे पहिल्या दिवशी सांगता आलं नसतं का? पैसे मोजून घेतलेलं सॉफ्टवेअर होतं. आजही संताप होतो.

डीआयवर दुसरं अँप सिम लावलं. जड रिफ बऱ्यापैकी जमल्या. मधला संथ भाग मात्र काही केल्या बसेना. कारण आपण आवाज ऐकत वाजवतो. गेन (अँपमधला आवाज फाटण्याचा जोर) जास्त असला की सूर लांबतो, म्हणून हात थांबतो. डिले, म्हणजे नोटेचा प्रतिध्वनी, परत येतो, त्याला जागा सोडून पुढची नोट पडते. तो हात त्या आवाजासाठी वाजलेला असतो. दुसऱ्या आवाजात तेच थांबे रिकामे वाटतात. तो भाग आणि सोलो मी अख्खे पुन्हा वाजवले, आणि खरं सांगायचं तर पहिला सोलो परत आला नाही.

म्हणून माझं ठाम मत: डीआय ठेवाच, पण आवाज आवडला त्याच दिवशी तो रेंडरही करा. प्रत्येक ट्रॅक गाण्याच्या अगदी सुरुवातीपासून, म्हणजे कुठेही टाकला तरी जागेवर बसतो. आयआरच्या (अँपच्या स्पीकरच्या आवाजाचा ठसा असलेल्या) फाइल प्रोजेक्टच्या फोल्डरमध्येच कॉपी करा, कारण बरीच प्लगइन फाइलचा फक्त पत्ता लक्षात ठेवतात. ७/८ मधून ५/४ मध्ये जाणारं गाणं असेल तर मिडी फाइलही (आवाज नाही, नोटा आणि ताल नोंदवणारी) एक्स्पोर्ट करा. टेम्पो आणि मात्रांचे बदल तिच्यात राहतात, नुसत्या ऑडिओत नाही. ड्रमही रेंडर करा, किक आणि स्नेअर वेगवेगळे. डिले टेम्पोला बांधलेला असला तरी मिलिसेकंदात लिहून ठेवा. १२० च्या टेम्पोला डॉटेड आठव्याचा डिले ३७५ येतो.

जाता जाता, तुम्ही सात तारांवर ड्रॉप ए लावता, म्हणजे सगळ्यात जाड तार ए सुरापर्यंत उतरवता, असं लिहिलंय. तो खालचा ए ५५ हर्ट्झचा. आता आवाज नव्याने लावताच आहात तर गिटारचा खालचा भाग ८०च्या आसपास कापून बघा आणि ती जागा बासला द्या. हे माझ्या कानाचं मत, पटलं नाही तर सोडा.

पण त्याआधी जुनी डिस्क फॉरमॅट करू नका. कधी एखादा ट्रॅक फ्रीझ केला (संगणकावरचा भार कमी करायला तात्पुरता ऑडिओ करून ठेवला) असेल तर त्याची ऑडिओ फाइल प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये असू शकते. प्रीसेटच्या फाइलही शोधा. आणि कुणाला कच्चं मिक्स पाठवलं होतं का? असेल तर आजच मागवून घ्या. एमपीथ्री असलं तरी चालेल, निदान कुठल्या आवाजापाशी पोचायचं आहे ते कानाला कळेल.