संस्थेचा प्रोजेक्ट घेऊ की पगारी इंटर्नशिप करू?

तुझं पत्र वाचलं. बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. तू पब्लिक पॉलिसीच्या मास्टर्सच्या शेवटच्या वर्षाला आहेस, कॉलेज म्हणतंय की एकटीने प्रबंध लिही नाहीतर चौघांची टीम करून एका सामाजिक संस्थेचा कन्सल्टिंग प्रोजेक्ट घे. संस्था मुलांना शाळेनंतर वाचन शिकवते आणि त्यांनी तुम्हाला एवढंच सांगितलंय की "आमचा प्रोग्राम सुधारायला मदत करा". बाबा म्हणतात फुकट राबण्यापेक्षा पगारी इंटर्नशिप बघ, आणि तुला स्वतःला धाकधूक वाटतेय की इतकी वर्षं हेच काम करणाऱ्या माणसांना आपण विद्यार्थी काय सांगणार.

तर उत्तर आधीच देते, प्रोजेक्ट घे. पण आत्ता जसा समोर आलाय तसा घेऊ नकोस. "सुधारायला मदत करा" एवढ्यावर टीम कामाला लागली की सेमिस्टर कधी संपतं कळत नाही, जाडजूड रिपोर्ट होतो, शेवटच्या दिवशी सगळे कौतुक करतात आणि मग तो रिपोर्ट परत कुणी उघडत नाही. हे मी खूपदा बघितलंय आणि दरवेळी वाईट वाटतं, कारण पोरांनी मेहनत खरंच केलेली असते आणि संस्थेच्या लोकांनीही आपला वेळ मोडून त्यांना माहिती दिलेली असते.

म्हणून पहिल्या मीटिंगमध्ये, डेटा बिटा काही मागायच्या आधी, एकच गोष्ट विचारायची. येत्या सहा महिन्यांत तुम्हाला कुठला निर्णय घ्यायचाय जो आज माहितीअभावी अडलाय? आणि तो निर्णय कोण घेणार? उत्तर यायला वेळ लागेल, लागू दे. कुणी म्हणेल की मुलं मध्येच गळतात, क्लास आठवड्यातून तीन दिवस ठेवायचा की दोन ते ठरत नाहीये. कुणी म्हणेल स्वयंसेवक टिकत नाहीत, ट्रेनिंग बदलायचंय. असं काही हाती लागलं की मग तो खरा प्रोजेक्ट. मूल्यमापनाच्या क्षेत्रात मायकेल क्विन पॅटन १९७८ पासून हेच सांगत आलेत, की अभ्यास कोण वापरणार आणि कशासाठी वापरणार हे आधी ठरवा आणि त्याप्रमाणे अभ्यास आखा.

तुझी भीती मला समजते पण ती थोडी चुकीच्या जागी आहे. मुलांना कसं शिकवायचं हे तुम्ही त्यांना सांगायला जातच नाही आहात, ते त्यांना तुमच्यापेक्षा कितीतरी जास्त कळतं. त्यांच्याकडे नसतो तो वेळ, म्हणजे रजिस्टरं घेऊन बसायचं, गळालेल्या मुलांच्या घरी फोन करायचे, चार सेंटर्सची तुलना करायची, हे करायला रोजच्या धावपळीत माणूसच मोकळा नसतो. तुम्ही चौघं म्हणजे ते मोकळे हात. म्हणून तर अशी कामं आता बऱ्याच ठिकाणी अभ्यासक्रमातच असतात, हार्वर्डच्या केनेडी स्कूलमध्ये मास्टर्सचे विद्यार्थी खऱ्या क्लायंटसाठी पॉलिसी अ‍ॅनालिसिस एक्सरसाइज करतात, न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीच्या वॅगनर स्कूलमध्ये टीमने कॅपस्टोन, म्हणजे शेवटी करायचा मोठा प्रोजेक्ट, करतात, आणि २००७ मध्ये सिडनी युनिव्हर्सिटीत सुरू झालेली १८० डिग्रीज कन्सल्टिंग तर विद्यार्थ्यांनीच चालवलेली आहे, आज कितीतरी देशांच्या कॅम्पसवर तिच्या शाखा आहेत.

आता कामाचं बोलू, कारण खरी शिकवणी इथेच आहे. सगळ्यात आधी थिअरी ऑफ चेंज कागदावर काढा, संस्थेच्या लोकांसोबत बसून, तुमचे तुम्ही नाही. आपण काय करतो, त्यातून लगेच काय होतं, आणि त्यातून मुलाच्या आयुष्यात काय बदलायला हवं, आणि मधल्या प्रत्येक बाणाखाली आपण काय गृहीत धरलंय. हजेरी ८० टक्के आहे हे आउटपुट झालं, मूल वाचायला लागलं हे आउटकम. दोन्हीत गल्लत झाली की काय होतं याचं एक उदाहरण मी सगळ्या विद्यार्थ्यांना सांगते. अमेरिकेत १९७० च्या दशकात स्केअर्ड स्ट्रेट नावाचे कार्यक्रम निघाले, वाट चुकणाऱ्या पोरांना तुरुंगात न्यायचं, तिथल्या कैद्यांनी त्यांना घाबरवायचं, म्हणजे ती सुधारतील. किती पोरं नेली हा आकडा छान दिसायचा, लोकांना कल्पनाही पटायची. पुढे ज्या अभ्यासांत चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडले होते ते एकत्र करून बघितले तेव्हा दिसलं की तुरुंग बघून आलेली पोरं न गेलेल्यांपेक्षा जास्त गुन्ह्यांकडे वळली. चांगल्या मनाने केलेलं काम, आणि उलटा परिणाम. म्हणून हजेरीवर थांबू नका.

दुसरं, आकड्यांवर भाळू नका. संस्था म्हणेल की सुरुवातीला वाचनाचे मार्क इतके होते, शेवटी इतके झाले, बघा किती सुधारणा. पण क्लासमध्ये घेतलीच जर सगळ्यात कमी मार्कांची मुलं असतील तर त्यातली काही त्या दिवशी नुसती आजारी किंवा घाबरलेली असतात, पुढच्या चाचणीत त्यांचे मार्क तसेही थोडे वर येतात, शिवाय मूल सहा महिन्यांनी मोठं झालेलं असतं आणि शाळेतही शिकतच असतं. एका सेमिस्टरमध्ये तुम्ही हे सगळं वेगळं काढू शकणार नाही आणि तसा दावाही करू नका. पण कुठल्या आठवड्यात मुलं गळतात, कुठल्या सेंटरवर कमी गळतात, तिथली ताई काय वेगळं करते, हे नक्की शोधू शकता आणि संस्थेला त्याचाच उपयोग जास्त होतो. सर्व्हे फक्त आज हजर असलेल्या मुलांचा घेऊ नका प्लीज, ज्यांना क्लास आवडतो तीच तिथे असतात, गेलेल्यांना शोधा.

आणि मुलांशी बोलायचं तर पालकांची संमती आणि कॉलेजच्या एथिक्स कमिटीची परवानगी लागते, त्याला आठवडे जातात, म्हणून अर्ज पहिल्याच आठवड्यात टाका. नावं काढून टाकलेली फाइलच लॅपटॉपवर घ्या.

शिफारशी कमी द्या. तीन पुरेत, पण प्रत्येकीपुढे लिहा की हे कोण करणार, आठवड्याला किती तास जाणार, आणि त्यासाठी आत्ताचं कुठलं काम बंद करता येईल. झगमगीत डॅशबोर्ड बनवायचा मोह होईल, तुम्ही गेल्यावर तो कोण चालवणार? त्यांच्या रोजच्या एक्सेल शीटमध्ये दोन कॉलम वाढवलेत तर ते टिकेल. काही अप्रिय सापडलं, समजा एखाद्या सेंटरवर फरकच दिसत नाहीये, तर ते शेवटच्या प्रेझेंटेशनला सगळ्यांसमोर काढू नका, डायरेक्टरना आधी एकटं गाठून ड्राफ्ट दाखवा आणि त्यांचं ऐकून घ्या. पण रिपोर्टमधून गाळू मात्र नका.

बाबांच्या मुद्द्याचं. घरी पैशाची खरंच गरज असेल तर त्यात काहीच चूक नाही, सुट्टीत पगारी इंटर्नशिप कर आणि प्रोजेक्ट सेमिस्टरमध्ये क्रेडिट म्हणून घे, प्रबंधाला तरी कुठे पगार मिळणार होता. आणि नोकरीच्या दृष्टीने हे वाया जाणारं काम अजिबात नाही. मॉनिटरिंग आणि इव्हॅल्युएशनच्या जागा, फाउंडेशनमधल्या प्रोग्राम ऑफिसरच्या जागा, सामाजिक क्षेत्रासाठी काम करणाऱ्या ब्रिजस्पॅनसारख्या कन्सल्टिंग संस्था, सगळीकडे इंटरव्ह्यूला हेच विचारतात की गोंधळाची परिस्थिती होती तेव्हा तू प्रश्न कसा नेमका केलास, कुणाला पटवलंस. रेझ्युमेवर "गळती कमी केली" असं लिहू नकोस, कमी करणारे ते असतील, तू काय तपासलंस, काय सुचवलंस आणि त्यातलं त्यांनी काय स्वीकारलं ते लिही, आणि संस्थेचं नाव टाकायच्या आधी त्यांना विचार.

टीममध्ये एकीनेच संस्थेशी बोलायचं ठरवा, चौघांचे चार मेल गेले की ते वैतागतात. आणि स्कोप, म्हणजे कामाची हद्द, एका पानावर लिहून दोन्ही बाजूंच्या सह्या घ्या, त्यात काय करणार नाही तेही असू दे.

फॉर्म भरायला दहा दिवस आहेत म्हणतेस, तर आधी संस्थेच्या डायरेक्टरना फोन करून तो निर्णयाचा प्रश्न विचार. तासभर बोलूनही त्यांच्याकडे ठरवण्यासारखं काहीच नाहीये असं दिसलं, किंवा देणगीदारांना दाखवायला एक चांगला रिपोर्ट हवाय एवढंच असेल, तर दुसरी संस्था माग किंवा सरळ प्रबंध लिही. तसं नसेल तर एक पानाचा स्कोप लिहून मला पाठव, मी वाचून कळवते.