नोटीस सिस्टरना का आली?

(पत्र थोडक्यात: पंचवीस वर्षांची एमबीबीएस डॉक्टर, मेळघाटातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात बाँडवर, म्हणजे शिक्षणानंतरच्या सक्तीच्या सरकारी सेवेवर. आठ महिने झालेत. मागच्या महिन्यात एक बाळंतीण रक्तस्रावानं अमरावतीला नेताना घाटातच गेली. तेव्हापासून हिला झोप नाही. बाबा म्हणतायत बाँड मोडायचे १० लाख भरतो, तू घरी ये. प्रश्न एवढाच, "ताई, निघून जाऊ का?")

अगं पोरी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. घाटाचा रस्ता, नेटवर्क नाही, १०८ यायला लागलेला वेळ, लोक आधी भुमकाकडे, म्हणजे गावातल्या पारंपरिक वैदूकडे जातात आणि अगदी शेवटच्या घटकेला तुमच्याकडे आणतात, क्वार्टरचं गळकं छप्पर, सगळं सविस्तर लिहिलंयस आणि सगळं खरंच असणार. पण तिसऱ्या पानावर एक वाक्य लिहून तू पुढे निघून गेलीस आणि मी तिथेच अडकले. "सिस्टर संध्याकाळीच म्हणाल्या होत्या हिला वर मोठ्या दवाखान्यात पाठवू, पण बीपी नॉर्मल होतं, आता त्यांना नोटीस आलीय पण ते रूटीन असतं म्हणे."

रूटीन कुणासाठी गं?

तुझ्याच पत्रात आहे की सिस्टर कंत्राटी आहेत, पंधरा वर्षं त्याच केंद्रावर. म्हणजे दर ११ महिन्यांनी नवी ऑर्डर. अशा बाईच्या फाइलला माता मृत्यूची नोटीस लागली तर पुढची ऑर्डर निघेल की नाही हे तुला कुणी सांगायला हवंय का? तुझे बाबा १० लाख भरू शकतात. तिच्यासाठी कोण भरणार आहे?

आणि बीपीचं म्हणशील तर ते पुस्तक तूच वाचलंयस. तरुण बाईचं शरीर बराच वेळ बीपी धरून ठेवतं, आधी नाडी पळायला लागते, बीपी खाली येतं तोवर खूप रक्त गेलेलं असतं. त्यात हिचं हिमोग्लोबिन सात होतं असं तू लिहिलंयस. अर्ध्या लिटरच्या वर रक्त गेलं की जास्त रक्तस्राव हा हिशोब धडधाकट बाईचा, हिला त्याच्या आत सुद्धा धोका होता. सिस्टरनी काय पाहिलं असेल? ओठांचा रंग, तिची तगमग, हाताला लागलेला गार घाम, भिजलेल्या पॅडचं वजन, मला माहीत नाही आणि तुलाही माहीत नाही, कारण तू विचारलंच नाहीस. महिना झाला, एकाच छपराखाली काम करताय आणि विचारलं नाहीस.

गडचिरोलीत बंग डॉक्टरांनी गावातल्या बायकांना, काही जणी जेमतेम पाचवी शिकलेल्या, नवजात बाळांचा श्वास मोजायला आणि इंजेक्शन द्यायला शिकवलं. १९९९ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात त्याचे आकडे आले, तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानानं त्या गावांमधले नवजात बाळांचे मृत्यू तिसऱ्या वर्षापर्यंत ६२ टक्क्यांनी कमी झाले होते. ते झालं कारण मोठ्या डिग्रीवाल्या माणसांनी त्या बायकांच्या डोळ्यांवर विश्वास ठेवला. तुझ्याकडे तर शिकलेली नर्स होती, हजारभर बाळंतपणं पाहिलेली, आणि ती तोंडानं सांगत होती.

आठ महिन्यांच्या डॉक्टरचा, एकटीचा, रक्ताची पिशवी जवळपास नसताना निर्णय चुकू शकतो. त्याबद्दल मला तुझ्यावर राग नाही, माया वाटते. राग आहे तो नंतरच्या गप्प बसण्याचा. तुला झोप का येत नाही ते तूच लिहिलंयस, फक्त तिसऱ्या पानावर आणि अर्ध्या वाक्यात.

म्हणून जाऊ की राहू, बाबांचे पैसे, पीजीची तयारी, यातल्या एकाही गोष्टीवर मी आज बोलणार नाही. उद्या सकाळी ओपीडीच्या आधी सिस्टरकडे जा. माफी मागायची तर माग पण तेवढ्यावर उठू नकोस, त्या संध्याकाळी तुम्हाला काय दिसलं ते मला सांगा म्हणून विचार आणि मधे न बोलता ऐक. मग एक कागद घे आणि तालुका आरोग्य अधिकाऱ्यांच्या नावानं स्वतःच्या हातानं लिही, की पेशंटला रेफर करा असं सिस्टर अमुक वाजता म्हणाल्या होत्या, थांबायचा निर्णय माझा होता. वेळ घाल, सही कर, खाली रजिस्ट्रेशन नंबर टाक. माता मृत्यू अन्वेषणाच्या मीटिंगची वाट बघू नकोस, तिथे साहेब लोकांसमोर कंत्राटी बाईचा आवाज किती निघतो ते तुलाही ठाऊक आहे.

घरचे म्हणतील करिअरचं काय, बॅचमेट म्हणतील वेडी आहेस का, लेखी कशाला देतेस. कुणाला विचारायलाच जाऊ नकोस. नोटिशीला उत्तर द्यायची मुदत किती उरलीय ते मात्र आजच बघ, कारण तुझा कागद तिच्या उत्तराच्या आधी पोचला पाहिजे. आवक-जावकच्या टेबलावर पोच घे, शिक्का मारून घे, आणि त्याची एक झेरॉक्स सिस्टरच्या हातात दे.

बाँडचं त्यानंतर विचार मला, तेव्हा नक्की उत्तर देईन.

तुझी,
ताई