माझ्या चार फुटी फिशटँकचं पाणी बदलायला पंप वापरला तर चालेल का?

चालतंय की! तुमचा टँक चार फुटी म्हणताय, म्हणजे पाणी अडीचशे लिटरच्या घरात. दर आठवड्याला पाव भाग बदलायचा तर भरलेल्या चार बादल्या उचलाव्या लागणार. मीही मंगळवार पेठेतल्या घरी दोन वर्षं तेच केलं, मग कंबरेनं नाही म्हटलं.

पाणी काढायला पंप लागतच नाही. टँक उंचावर असतो, त्यामुळं साधी नळी पाण्यानं भरून लावली की पाणी आपोआप खाली येतं. पंपाचं खरं काम पाणी भरताना. कूलरमधला छोटा, पाण्यात बुडणारा पंप घ्या आणि त्याच्या तोंडाला बसेल अशी नळी. हा पंप पाणी फार उंच चढवत नाही, म्हणून बादली स्टुलावर ठेवा.

पहिल्या वेळी मी पंप बंद केला, पण नळीचं टोक टँकच्या पाण्यात तसंच राहिलं. चहा घेऊन येतोय तोवर पाणी उलटं बादलीत, बादलीतून फरशीवर! तेव्हापासून टोक पाण्याच्या वर, काठाला चिमट्यानं अडकवतो.

नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं. ते घालवायचं औषध आधी बादलीत टाका, मगच पंप सुरू करा. हीटर सुरुवातीलाच बंद करा, चालू असताना पाण्याबाहेर उघडा पडला की त्याची काच तडकते. पंप कोरडा फिरवू नका. आणि तो चालू असताना पाण्यात हात अजिबात घालायचा नाही.