दहा मिनिटांत खेळ का संपतो?

वाचकांचे प्रश्न : घरातली लहान मुलं आणि पडद्याविना वेळ

प्रश्न : मुलगी साडेतीन वर्षांची आहे. मांडून दिलेला खेळ दहा मिनिटांत टाकून ती माझ्या पायाशी येते. मला सलग अर्धा तास हवा असतो, म्हणून शेवटी मोबाइल हातात द्यावा लागतो. काय चुकतंय?

उत्तर : बहुधा खेळाची निवड चुकते आहे. बारा तुकड्यांचं कोडं जुळलं की संपलं, चित्रात रंग भरले की संपलं. पुढे काय करायचं हे मुलीने ठरवावं, अशी जागाच अशा खेळात नसते. म्हणून ज्याला शेवट नाही असं सामान द्या : झाकणांचे लहानमोठे सहा-सात डबे, दहा-बारा कपड्यांचे चिमटे, एक डाव, दोन जुन्या चादरी, तिला आत बसता येईल एवढं पुठ्ठ्याचं खोकं. सगळं एकदम ओतू नका. सुरुवातीला तीनच वस्तू ठेवा, खेळ रेंगाळला की चौथी मुकाट्याने बाजूला सरकवा.

तिचा कल कशाकडे आहे तेही पाहा. काही मुलं दिवसभर वस्तू इकडून तिकडे वाहून नेतात, काही सगळं गुंडाळतात, काही रांगा लावतात, काही सतत कशात तरी शिरून बसतात. वाहून नेणाऱ्या मुलाला ठोकळे द्यायचे तर सोबत पिशवीही हवी. लपणाऱ्याला टेबलावरून जमिनीपर्यंत लोंबणारी चादर पुरते.

दुसरी गोष्ट म्हणजे तुमचं उठून जाणं. खेळ मांडून लगेच पाठ फिरवली तर मूल मागे येणारच. पहिली दहा मिनिटं शेजारी बसा, पण सूचना देऊ नका आणि ‘हे काय केलंस?’ असंही विचारू नका. मग तिला दिसाल अशा जागी, चार पावलांवर, तुमचं काम घेऊन बसा. ‘आत्ता येते’ हे या वयात कळत नाही. ‘एवढ्या कपड्यांच्या घड्या करून येते’ हे कळतं. आणि तिने हाक मारायच्या आधी परत या. दर दोन-तीन दिवसांनी ही वेळ पाच मिनिटांनी वाढवा. रंगलेल्या खेळात मध्येच ‘वा, छान!’ म्हणण्याचा मोह आवरा. मूल मान वर करून तुमच्याकडे बघतं आणि धागा तुटतो.

पाण्याचा खेळ सगळ्यांत जास्त वेळ चालतो, पण तुमच्या अर्ध्या तासासाठी तो धरू नका. दोन-तीन सेंटिमीटर पाण्यातही लहान मूल बुडू शकतं, त्यामुळे नजर हलवायची नाही. वेळ असेल तेव्हा जुन्या टॉवेलवर परात ठेवा, बोटभर पाणी घाला आणि गाळणी, तांब्या, स्पंजचा तुकडा द्या. खेळ संपताच पाणी ओतून टाका.

प्रश्न : घरी मैद्याचा क्ले केला. पहिल्यांदा हाताला चिकटला, दुसऱ्यांदा भुगा झाला आणि तिसऱ्या वेळी आठवड्यात बुरशी आली. नेमकं प्रमाण सांगाल का?

उत्तर : तिन्ही दोषांची कारणं वेगळी आहेत. प्रमाण असं : 1 वाटी मैदा, अर्धी वाटी बारीक मीठ, 1 वाटी पाणी, 1 मोठा चमचा तेल, 1 मोठा चमचा लिंबाचा रस. पाणी गरम करून आधी मीठ पूर्ण विरघळवा, नाहीतर गोळा वाळूसारखा खरखरीत लागतो. रंगही याच पाण्यात घाला. तयार गोळ्यात मळलेला रंग पुढे हातांना आणि कपड्यांना लागत राहतो. पाणी गार झाल्यावर त्यात मैदा, तेल आणि रस घालून गुठळ्या मोडा. मिश्रण पातळ दिसेल, घाबरून मैदा वाढवू नका.

मंद आचेवर जाड बुडाच्या भांड्यात सतत ढवळा. दोन मिनिटांत तळाशी गोळे धरू लागतात आणि साधारण पाच मिनिटांत सगळं मिश्रण कडा सोडून एकत्र येतं. बोट लावून पाहा. ओला लगदा बोटाला आला नाही की उतरवा. कोमट झाल्यावर तीन मिनिटं नीट मळा. मऊपणा या मळण्यातच येतो.

आता तुमचे दोष. चिकटला म्हणजे शिजायला कमी पडला : पुन्हा मिनिटभर आचेवर फिरवा. वरून कोरडा मैदा घातला तर तेवढ्यापुरतं बरं वाटतं, पण कच्चा मैदा पाणी ओढून थोड्या वेळात पुन्हा चिकटतो. भुगा झाला म्हणजे पाणी जास्त उडालं : हात ओला करून मळा, मग दोन थेंब तेल लावा. बुरशी बहुधा गरम गोळा डब्यात बंद केल्याने येते, कारण झाकणाला वाफ धरते आणि ते पाणी वर ठिबकतं. पूर्ण गार करा आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. दोन-तीन आठवडे सहज टिकतो. ठिपके किंवा आंबूस वास आला की टाकून द्या, वरचा भाग काढून वापरू नका. दमट हवेत मीठ ओल ओढतं आणि गोळ्याला घाम सुटतो. तेव्हा मात्र चिमूटभर कोरडा मैदा चालतो.

या गोळ्यात मीठ भरपूर आहे. जिभेला लागलं तर मूल स्वतःच तोंड वाकडं करतं, पण सगळंच गिळणाऱ्या बाळाजवळ तो ठेवू नका आणि घरात कुत्रा असेल तर त्याच्यापासूनही लांब ठेवा. एवढं मीठ दोघांनाही घातक आहे. हाताला खरचटलं असेल त्या दिवशी क्ले नको, फार चुरचुरतं. साचे विकत घ्यायची गरज नाही. कंगवा, बाटलीचं झाकण, काटा, शंख यांचे ठसे साच्यांपेक्षा जास्त वेळ गुंतवतात.

प्रश्न : मोठा पाच वर्षांचा, धाकटी दोनची. तो मनोरा रचतो, ती पाडते, मग रडारड. दोघांना एकत्र खेळायला कसं शिकवायचं?

उत्तर : इतक्यात शिकवू नका. मिल्ड्रेड पार्टन या अभ्यासिकेने 1932 साली मुलांच्या खेळाच्या पायऱ्या मांडल्या. एकट्याने खेळणं, दुसऱ्याचा खेळ बघत राहणं, शेजारी बसून आपापलं खेळणं, मग देवाणघेवाण आणि शेवटी ठरवून एकत्र खेळणं. दोन वर्षांचं मूल साधारण ‘शेजारी बसून आपापलं’ या पायरीच्या आसपास असतं. तिला मनोरा कळत नाही; ढकललं की धडाड आवाज येतो, एवढं कळतं.

त्यामुळे जागा वेगळी करा. धाकटीला कोंडण्यापेक्षा मोठ्याला वर बसवा : उंच टेबलावरचं बांधकाम तिच्या हाती लागत नाही आणि त्यालाही मान मिळाल्यासारखं वाटतं. तिला तसेच ठोकळे वेगळे द्या, कारण खरं भांडण एकाच डब्यावरून होतं. दिवसातून एकदा ‘पाडायचा मनोरा’ ठेवा. तो रचेल, तीन म्हटल्यावर ती पाडेल. पाडण्याला ठरलेली वेळ मिळाली की बाकी वेळची मोडतोड बरीच कमी होते.

मोठ्याच्या बारीक वस्तूंवर मात्र कडक राहा. तीन वर्षांखालच्यांच्या खेळण्यांची चाचणी सुमारे 3.2 सेंटिमीटर व्यासाच्या नळीने करतात. घरी टॉयलेट पेपरच्या आतली पुठ्ठ्याची नळी वापरा. ती थोडी रुंद असते, म्हणजे चूक झाली तर सुरक्षित बाजूला होते. नळीतून जाईल ती वस्तू धाकटीच्या हाती नको. मणी, कडधान्य, न फुगवलेले फुगे तर नकोतच. नाकात गेलेला दाणा ओलीने फुगतो आणि काढणं अवघड होतं. नाण्यासारखी चपटी बॅटरी आणि लहान लोहचुंबक गिळले गेले तर वाट न पाहता डॉक्टरकडे न्या.

प्रश्न : बाहेर जाता येत नाही त्या दिवशी चार वर्षांचा मुलगा सोफ्यावरून उड्या मारतो. खालचे शेजारी वैतागतात.

उत्तर : उडी बंद केली तर तिच्या जागी काहीतरी जड काम हवं. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या सूचनांनुसार तीन-चार वर्षांच्या मुलांनी दिवसभरात मिळून किमान 180 मिनिटं हालचाल करावी, त्यातली 60 मिनिटं तरी दम लागेल अशी. घरात आवाज न करता हे जमतं : कपड्यांनी भरलेली टोपली ढकलत दार ते खिडकी अशा दहा खेपा, जमिनीवर घातलेल्या गादीवर कोलांट्या, भिंतीला दोन्ही हात टेकून ‘भिंत मागे सरकव’, अस्वलासारखं चार पायांवर चालणं. मोज्यांच्या जोड्या गुंडाळून चेंडू करा आणि बादलीत नेम धरू द्या. ते कुठेही लागले तरी आवाज होत नाही.

जमिनीवर चिकटपट्टीने वाकडीतिकडी रेघ काढून तिच्यावरून चालायला लावा, नंतर हातात पाण्याचा अर्धा पेला घेऊन. पट्टी कागदी घ्या, पारदर्शक नको, आणि दोन-तीन दिवसांत उचला. जास्त राहिली तर गोंद जमिनीला धरतो. मग तेलाचा बोळा पाच मिनिटं ठेवून पुसावं लागतं. बैठे खेळ या धावपळीनंतर ठेवा. उलट क्रमाने केलं की बैठा खेळही जातो आणि सोफाही.

प्रश्न : खेळण्यांनी कपाट भरलंय, तरी ‘कंटाळा आला’ ऐकावं लागतं.

उत्तर : कपाट भरलंय म्हणूनच. आठ-दहा वस्तू उघड्या फळीवर ठेवा, बाकी खोक्यात बंद करा आणि दोन आठवड्यांनी अदलाबदल करा. झोपताना लागणारी बाहुली या फेरीत धरू नका.

प्रश्न : अडीच वर्षांच्या मुलाचा टीव्ही बंद केला. चार दिवस झाले, संध्याकाळी तासभर रडतो. परत सुरू करावा का?

उत्तर : या वयाला जागतिक आरोग्य संघटनेच्या त्याच सूचना पडद्यासमोर दिवसाला जास्तीत जास्त एक तास म्हणतात, कमी असेल तर आणखी चांगलं, म्हणजे तुम्ही काही जगावेगळं केलेलं नाही. पण टीव्ही काढला आणि ती वेळ रिकामी ठेवली, इथे अडतंय. तो नेमका किती वाजता रडू लागतो ते पाहा आणि त्याच्या पंधरा मिनिटं आधी दुसरं काही सुरू करा, रोज तेच. संध्याकाळी मूल दमलेलं आणि भुकेलं असतं, तेव्हा नवा खेळ शिकवायला जाऊ नका. आधी खायला द्या. मग तुमच्या कामाशेजारी त्याला खरं काम द्या : धुतलेले चमचे लहान-मोठे वेगळे करणं, मोजे जुळवणं, ओल्या फडक्याने खालची कपाटं पुसणं. कपाट तेवढं स्वच्छ होणार नाही, ते तुम्ही नंतर पुसा, त्याच्यासमोर नको. रडणं सुरू झालंच तर जवळ बसा, पण रिमोट दिसेल अशा जागी ठेवू नका. आणि रडून थकल्यावर पाच मिनिटं टीव्ही लावला तर उद्या तो तेवढंच रडून पाहील, हे धरून चाला.