सिंगल क्रिस्टलमध्ये करिअर : विषय अरुंद, पण…

प्रश्न : मी शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीत सुपरवायझर आहे. मुलगी मेटलर्जीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. सिंगल क्रिस्टल मिश्रधातूंना फटीगने, म्हणजे पुन्हा पुन्हा पडणाऱ्या ताणाने, तडे कसे जातात, यातच एम.टेक. आणि पुढे पीएच.डी. करायची म्हणते. एवढ्याशा विषयावर पोट भरेल का?
– एक पालक, कोल्हापूर

उत्तर : शंका रास्त आहे. पण विषय तुमच्या घराला परका नाही. जेट इंजिनाच्या टर्बाइनचं पातं निकेलच्या मिश्रधातूचं ओततात आणि ते अख्खं एकाच स्फटिकाचं असतं. प्रचंड तापमानात ग्रेन बाउंड्री, म्हणजे धातूतल्या स्फटिकांमधल्या सीमा, दगा देतात, म्हणून त्याच काढून टाकल्या. तरीही तडा जातोच. कुठून? बऱ्याचदा ओतताना राहिलेल्या श्रिंकेजच्या (थिजताना धातू आकसल्याने पडणाऱ्या) बारीक पोकळीतून! कास्टिंग रिजेक्ट होतं त्याच कारणाने, फक्त इथली पोकळी डोळ्याला दिसत नाही. तापमान फार नसेल तर तडा स्फटिकाच्या ठरावीक प्रतलांवरूनच सरकतो आणि तुटलेला भाग मायक्रोस्कोपखाली पैलू पाडल्यासारखा सपाट दिसतो. शिवाय स्फटिक कोणत्या दिशेने ताणला यावर त्याचा ताठपणा दुपटीहून जास्त बदलतो. मुलीला भुरळ पडली यात नवल नाही.

आता नोकरीचं. भारतात हे काम मोजक्याच ठिकाणी चालतं. हैदराबादच्या डीएमआरएल या संरक्षण खात्याच्या धातू प्रयोगशाळेने २०२१ मध्ये हेलिकॉप्टरच्या इंजिनासाठी अशी ६० पाती विमानं बनवणाऱ्या सरकारी एचएएलला दिली, बेंगळुरूत जेट इंजिनांवर संशोधन करणारी जीटीआरई आहे. फक्त यांच्या भरवशावर राहू नये, हे माझं स्पष्ट मत. फटीगचं मात्र तसं नाही. क्रँकशाफ्ट, रेल्वेचा अ‍ॅक्सल, हाडात बसवायचा इम्प्लांट, सगळं त्यानेच तुटतं. म्हणून एम.टेक.ला फटीग आणि फ्रॅक्चर पक्कं करावं, सिंगल क्रिस्टल प्रबंधापुरता ठेवावा. मग पुण्याच्या वाहन उद्योगाचं दारही उघडं राहतं.

पीएच.डी.चा निर्णय आत्ता नकोच. या कामाला चिवटपणा लागतो. ताण देण्या-काढण्याच्या लाखो सायकल्सची चाचणी दिवसेंदिवस चालते आणि नमुना नेमका यंत्राच्या ग्रिपपाशी तुटतो, की पुन्हा पहिल्यापासून. सुट्टीत एखाद्या टेस्टिंग लॅबमध्ये तिला महिनाभर बसू द्या. तुमच्याकडचा तुटून परत आलेला एखादा पार्टही द्या, तडा कुठून सुरू झाला ते तिने शोधावं.

आणि एम.टेक.च्या प्रवेशाची गेट परीक्षा तिसऱ्या वर्षालाही देता येते. मेटलर्जीचा पेपर तिने यंदाच देऊन पाहावा, स्कोअर तीन वर्षं चालतो.