नोट्स सुंदर होतात, पण सिलॅबस संपत नाही

प्रश्न : ताई, मी बारावी सायन्सला आहे, लातूरला. बोर्ड आणि सीईटी दोन्हीची तयारी चालू आहे. माझा प्रॉब्लेम असा की नोट्स नीट झाल्याशिवाय मला पुढे जाताच येत नाही, एखादी ओळ खोडावी लागली तरी पान फाडून परत लिहिते. फिजिक्समध्ये अजून रोटेशनल आणि फ्लुइड्सच चाललंय आणि मैत्रिणी इलेक्ट्रोस्टॅटिक्सला पोचल्या. घाई केली तर कच्चं राहील अशी भीती वाटते. काय करू?

उत्तर : अगं, आधी एक सांगते, नीट करायची तुझी ओढ अजिबात वाईट नाहीये, फक्त ती सगळी वहीवर खर्च होतेय आणि मार्क मिळतात पेपरात. पुस्तक उघडं ठेवून लिहिताना सगळं कळल्यासारखंच वाटतं. रोडिगर आणि कार्पिक या दोन संशोधकांनी 2006 साली कॉलेजच्या मुलांवर एक प्रयोग केला, काहींनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवून लिहून काढला. पाच मिनिटांनी टेस्ट घेतली तेव्हा वाचणारेच पुढे होते, पण आठवड्याने घेतली तर वाचणाऱ्यांना साधारण 42 टक्के आठवलं आणि लिहून काढणाऱ्यांना 56. म्हणजे त्या क्षणी पक्कं वाटतं ते आठवड्याने पक्कं असेलच असं नाही, आणि तुला ज्या कच्चेपणाची भीती वाटते तो सुंदर नोट्समध्येच लपून राहतो.

म्हणून क्रम उलटा कर. चॅप्टर एकदा वाच, पुस्तक बंद कर आणि रफ वहीत, एकाच पेनाने, डेरिव्हेशन आठवून लिही. अडशील, खाडाखोड होईल, होऊ दे. मग पुस्तक उघडून जिथे अडलीस तेवढंच नीट लिहून ठेव, तीच तुझी नोट. आणि रोटेशनल पूर्ण होईपर्यंत फ्लुइड्स नाही असं करू नकोस, बारावीच्या फिजिक्सचे 16 चॅप्टर आहेत, प्रत्येकाकडे दोन-तीनदा परत यायचंय, पहिल्याच फेरीत सगळं परफेक्ट व्हायची गरजच नाही.

बोर्डात मात्र नीटपणा ठेवच, पण मोजून. फिजिक्सचे 70 मार्क, तीन तास, म्हणजे चार मार्कांच्या प्रश्नाला दहा मिनिटं. त्यात आकृती, स्टेप्स, युनिट हे नीटच हवं, स्टेप्सना मार्क असतात. वेगवेगळ्या रंगांना कुणी मार्क देत नाही.

सीईटीचं गणित वेगळंय. फिजिक्स-केमिस्ट्रीचे 100 प्रश्न 90 मिनिटांत, प्रत्येकाला 54 सेकंद, आणि उरलेला वेळ मॅथ्सला मिळत नाही. निगेटिव्ह मार्किंग नाही, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडू नकोस. तुझ्यासारख्या मुली एका न सुटणाऱ्या प्रश्नापाशी चार मिनिटं बसतात कारण सोडून देणं जिवावर येतं, आणि शेवटी सोपे प्रश्न बघायचेच राहून जातात, हे बघून मला फार वाईट वाटतं गं. अडलं की एक ऑप्शन मार्क करून पुढे जायचं, वेळ उरला तर परत, ही सवय आत्तापासूनच घड्याळ लावून कर.

पान फाडावंसं वाटेल तेव्हा चुकीवर एक सरळ रेघ मार आणि खाली पुढची ओळ लिही. पहिले काही दिवस जड जाईल. आज फ्लुइड्सपासूनच सुरू कर, आणि झोप कमी करून नोट्स पूर्ण करत असशील तर ते आधी थांबव.