तिरंग्यातले रंग खरंच धर्मांवरून घेतलेत का?

"केशरी हिंदूंचा, हिरवा मुसलमानांचा, पांढरा बाकीच्यांचा" असं सांगतात ते खरं का, असं तुम्ही विचारलंय. आजच्या तिरंग्याला ते लागू नाही. पण ही समजूत हवेतून आलेली नाही, तिचं मूळ १९२१ सालात आहे.

त्या वर्षी बेझवाड्याला (आजच्या विजयवाड्याला) काँग्रेस महासमितीच्या बैठकीवेळी पिंगळी वेंकय्यांनी लाल-हिरव्या झेंड्याचा नमुना गांधीजींना दाखवला. लाल हिंदूंसाठी, हिरवा मुसलमानांसाठी. चरखा सुचवला जालंधरच्या लाला हंसराजांनी, आणि इतर धर्मीयांसाठी पांढरा पट्टा गांधीजींनी घालायला लावला. तो सगळ्यात वर, मधे हिरवा, तळाशी लाल. संख्येने थोडे असतील त्यांना पहिला मान, आणि जे जास्त आहेत त्यांनी दुबळ्यांची ढाल व्हायचं, असं गांधीजींनी लिहिलंय. मला हा विचार आजही फार मोठा वाटतो.

पण एकदा धर्मवार रंग दिले की बाकीच्यांनी गप्प का बसावं? शिखांनी आपल्याही रंगाची मागणी केली, आणि ती रास्तच होती. म्हणून १९३१ मध्ये सात जणांची समिती नेमली गेली. पटेल, नेहरू, आझाद, मास्टर तारासिंग, पट्टाभी सीतारामय्या यांच्याबरोबर साताऱ्यात जन्मलेले काका कालेलकर आणि हुबळीचे डॉ. हर्डीकरही तीत होते. समितीने सुचवलं काय, तर अख्खा केशरी झेंडा आणि त्यावर चरखा! हे फारसं कुणाला ठाऊक नसतं. त्याच ऑगस्टात मुंबईला महासमितीने ते बाजूला ठेवून केशरी, पांढरा, हिरवा हा क्रम ठरवला. रंगांना धार्मिक अर्थ नाही, हेही तेव्हाच स्पष्ट केलं. केशरी धैर्याचा आणि त्यागाचा, पांढरा सत्याचा आणि शांतीचा, हिरवा श्रद्धेचा आणि शौर्याचा.

२२ जुलै १९४७ ला संविधान सभेने तेच रंग कायम ठेवले. चरख्याच्या जागी सारनाथच्या अशोकस्तंभावरचं चक्र आलं, त्याचं एक कारण अगदी व्यवहारातलं होतं. चरख्याला एकीकडे चाक, दुसरीकडे चाती (सूत कातायची बारीक सळई), त्यामुळे झेंड्याच्या मागच्या बाजूने चित्र उलटं दिसायचं. नेहरूंनीच सभेत हे सांगितलं. ठरावात रंगांचा अर्थ मात्र दिलेलाच नाही. राधाकृष्णन यांनी त्या चर्चेत केशरी रंग वैराग्याशी जोडला, पांढरा प्रकाशाशी, आणि हिरवा आपल्या मातीशी, झाडाझुडपांशी.